जिनिव्हातला ऊस आणि राजारामपुरीतले प्रकल्प

मार्च-एप्रिलच्या सुमारास राजारामपुरीच्या कोणत्याही गल्लीतून सायंकाळी फेरफटका मारावा, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानापुढे पेन ड्राइव्ह हातात घेऊन बाइंडिंगची वाट पाहत उभे असलेले एम. बी. ए.चे विद्यार्थी हमखास दृष्टीस पडतात. आणि काउंटरवर रचून ठेवलेल्या, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे उमटवलेल्या त्यांच्या प्रकल्प अहवालांवरून नुसती नजर फिरवली, तरी ‘आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन’ या विषयाचे अध्यापन आपल्या शहरात कोणत्या वाटेने चालले आहे याची कल्पना यावयास विलंब लागत नाही. एका अहवालात मॅकडोनाल्डने १९९६ साली भारतात येताना आपल्या पदार्थांत कोणते फेरफार केले याचे विवेचन असते, दुसऱ्यात वॉलमार्टला २००६ साली जर्मनीतून पाय का काढून घ्यावा लागला याची मीमांसा असते, तिसऱ्यात पॅरिसजवळच्या डिस्नेच्या उद्यानाला १९९२ नंतरची पहिली वर्षे का जड गेली याची चिकित्सा असते. हे लिहिणारा विद्यार्थी कागलचा, हातकणंगल्याचा किंवा गडहिंग्लजचा असतो. त्याच्या घरचा ऊस सहकारी कारखान्याला जातो, चुलता शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर असतो, वर्गातल्या मित्राचे घर सुभाषनगरात चपलांच्या कामावर चालते. आणि या तिन्ही व्यवसायांचा परदेशाशी जो रोजचा, रोकडा संबंध आहे त्याविषयी त्या सगळ्या पानांत एक ओळही सापडत नाही.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. अभ्यासक्रमाने जे मागितले ते त्यांनी दिले. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली, डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ साली छत्रपती शाहूंच्या नावाने व्यवसाय-शिक्षण व संशोधन संस्था, जिला सगळे ‘सायबर’ म्हणून ओळखतात, ती सुरू केली, आणि त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलाला मुंबई-पुण्याचा खर्च न पेलताही व्यवस्थापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येऊ लागले, ही या भागाच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी कृतज्ञता बाळगूनच पुढचे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच, की कोल्हापुरात शिकवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाचा आरंभ कोल्हापुरातून परदेशी गेलेल्या मालाच्या दप्तरापासून व्हावयास हवा, आणि ते दप्तर वाचून त्यावरून अभ्यासप्रकरणे लिहिण्याचे काम येथल्याच अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावयास हवे.

उसाचेच उदाहरण घेऊ. दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पहिली उचल किती यावर ठराव होतात, वाहने अडवली जातात, काट्यावरून व उताऱ्यावरून वाद पेटतात, आणि हा सारा कलह शेतकरी, कारखानदार व सरकार या तिघांपुरता आहे अशीच आपली समजूत असते. वस्तुतः २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन राष्ट्रांनी भारताच्या साखरधोरणाविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली होती, आणि तिच्यातील वादाचा एक मुख्य मुद्दा उसाचा केंद्राने ठरवून दिलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफ. आर. पी., हाच होता. ‘हा पैसा सरकार देत नाही, कारखाने देतात, मग ते सरकारी साहाय्य कसे?’ हा भारताचा बचाव होता, आणि पंढरपूरपासून निपाणीपर्यंतच्या कोणत्याही शेतकऱ्याला तो बिनतोड वाटेल. परंतु १४ डिसेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात न्यायमंडळाने तो फेटाळला. किमान दर कायद्याने बांधून दिला की तो कोणाच्या खिशातून जातो हा प्रश्न गौण ठरतो, असा त्यांचा अभिप्राय पडला, आणि २०१४-१५ पासून २०१८-१९ पर्यंतच्या पाचही हंगामांत भारताने उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच महिन्यात भारताने अपील दाखल केले. पण अपील ऐकणारे मंडळ सदस्यांच्या नेमणुका अडवल्या गेल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प झालेले असल्याने ते अपील निकालावाचून पडून राहिले.

या एका प्रकरणात विद्यार्थ्याला शिकण्याजोगे किती आहे याचा विचार करावा. ज्या शेतीकरारान्वये हे साहाय्य मोजले जाते त्यातील परकीय आधारभूत किंमत १९८६ ते १९८८ या वर्षांवर बांधलेली आहे. म्हणजे आजच्या दराची तुलना जवळजवळ चार दशकांपूर्वीच्या भावाशी होते, आणि तीवरून आजचा शेतकरी अनुदानभोगी ठरतो. हे न्याय्य आहे काय? नसेल तर वाटाघाटीत ते कोणी, कधी, कोणत्या मोबदल्यात मान्य केले? अपील प्रलंबित असताना निवाड्याचे व्यावहारिक बळ किती उरते? आणि इकडे केंद्र सरकारने २०२३-२४ च्या हंगामात साखरेची निर्यात बंदच ठेवली, जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख टनांची परवानगी कोटा वाटून दिली. तेव्हा ज्या कारखान्याने परदेशी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे मेहनतीने जोडले होते त्याने बंदीच्या काळात त्या गिऱ्हाइकाला काय सांगावे, आणि परवानगी मिळताच भाव कसा सांगावा? या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी जे शास्त्र लागते तेच आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन. ते शिकण्याकरिता साखर कारखान्याच्या अध्यक्षांची, निर्यात विभागातल्या कारकुनाची आणि उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या स्वतःच्या वडिलांची भेट, असा प्रवास एका दिवसात उरकतो.

दुसरे प्रकरण इतके ताजे आहे, की त्याची कात्रणे अजून पिवळी पडलेली नाहीत. २२ जून २०२५ रोजी मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या पुरुषवेशांबरोबर जी पादत्राणे मांडली ती पाहताच येथील चप्पल लाईनीतल्या कोणत्याही दुकानदाराने आपला माल ओळखला असता. परंतु कंपनीच्या वर्णनात ती केवळ ‘चामड्याची सँडल’ होती, कोल्हापूरचा नामोल्लेख नव्हता. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, प्राडाचे लोरेन्झो बर्तेली यांच्या सहीने उत्तर आले व त्यात भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य झाली. जुलैत कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका, याचिकाकर्ते हे भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत या कारणावरून, फेटाळली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे ‘लिडकर’ महामंडळ यांच्याशी करार करून दोन हजार जोड येथेच बनवून घेण्याचे व ते सुमारे आठशे युरोंना विकण्याचे जाहीर केले. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. चप्पल लाईनीत चांगला जोड हजार-पंधराशेला मिळतो.

या दोन आकड्यांमधली दरी पाहून संताप येणे स्वाभाविक आहे, आणि मलाही तो येतो. पण विद्यापीठाचे काम संतापावर थांबण्याचे नाही. दरीतला प्रत्येक पैसा कोठे जातो याचा छडा लावण्याचे आहे. पदव्युत्तर वर्गात या प्रकरणावर निदान दोन आठवडे खर्च झाले पाहिजेत. ‘कोल्हापुरी’ या नावाला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन लाभले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे सीमावादात जी दोन राज्ये आजवर समोरासमोर उभी राहिली तीच येथे सहधारक आहेत. हे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे करीत नाही; ‘कोल्हापुरी’ न म्हणता तसाच घाट कोणी विकला तर १९९९ चा कायदा फारसा उपयोगी पडत नाही, शिवाय त्या कायद्याची हद्द भारताच्या सीमेपाशी संपते आणि मिलानमध्ये दाद मागावयाची तर तेथील नोंदणी लागते. जागतिक बौद्धिक संपदा करारात मद्यांना जे अधिकचे संरक्षण आहे ते चपलांना नाही, ही विषमता युरोपीय राष्ट्रांनी वाटाघाटीत कशी साधली हेही विद्यार्थ्याला कळावयास हवे. मानांकनाची धारक महामंडळे. मग कातडे शिवणाऱ्या माणसाचा त्या करारात हिस्सा कोणत्या कलमान्वये येतो? दर जोडामागे मजुरी, की विक्रीवर हिस्सा? हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि त्याचे उत्तर कारागिरांच्या पोरांनी शोधावे असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी आधी चप्पल कशी होते हे हाताने पाहिले पाहिजे. बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावण्यास कित्येक दिवस लागतात. तळाचे थर एकमेकांवर बसवून ते खिळ्याने नव्हे तर चामड्याच्याच वादीने शिवतात. कान वळवतात, पट्टा व अंगठा ओवतात. वेणीचे नाजूक काम बहुधा घरातल्या बायका करतात आणि त्या श्रमाची वेगळी नोंद कोणत्याही वहीत नसते. वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या दोन कातड्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही. पावसाळ्यात कातडे वाळत नाही म्हणून काम मंदावते. परदेशी खरेदीदार मात्र दोन हजार जोड एकाच मापाचे, एकाच छटेचे, ठरल्या तारखेस मागणार. मग मसुद्यात रंगफरकाची सूट किती लिहून घ्यावी, माल पोचवण्याची मुदत कोणत्या महिन्यात धरावी, नापसंत जोड कोणाच्या खात्यावर पडावेत, कच्च्या कातड्यासाठी आगाऊ रक्कम किती मागावी? सुभाषनगरात चार दुपारी बसून काढलेली टिपणे हाताशी असल्यावाचून या कलमांचा मसुदा कोणाला करता येईल असे मला वाटत नाही.

येथे एक गोष्ट सहज आठवली म्हणून लिहितो. राजाराम हे नाव करवीरच्या गादीवर एकाहून अधिक छत्रपतींनी धारण केले. त्यांतील एक तरुण महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्स येथे निवर्तले. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही उभी आहे, आणि त्यांनी प्रवासात इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परक्या देशात काय पाहिले ते रोजच्या रोज, स्वतःच्या नजरेने टिपून ठेवण्याची ही सवय कोल्हापुरात दीडशे वर्षांपूर्वी होती. पुढे शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडास गेले तेही डोळे उघडे ठेवूनच, आणि त्याआधीच, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला घर करून दिले होते. बाहेरच्या जगाशी व्यवहार हा या गावाला नवा नाही.

फाउंड्रीविषयी अधिक विस्ताराने लिहिण्याचा मोह होतो, कारण वाय. पी. पोवार व म्हादबा मेस्त्री यांच्या पिढीने उद्यमनगरात जे यंत्रकौशल्य रुजवले त्यातूनच शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगल्याच्या वसाहतींतला ओतकामाचा पसारा उभा राहिला आहे. तथापि एका प्रसंगावर थांबतो. वाळूच्या साच्यातून निघालेला पंपाचा किंवा गिअरबॉक्सचा भाग बाहेरून निर्दोष दिसतो, घासूनपुसून पेटीत भरला जातो, समुद्रमार्गे सहा-आठ आठवड्यांनी परदेशी कारखान्यात पोचतो, आणि तेथे यंत्रावर कातताना त्याच्या पोटातले ब्लो होल उघडे पडते. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. खरेदीदार त्या हीट नंबरचे, म्हणजे त्याच वितळणीचे, सारेच नग बाजूला काढतो, ते तपासण्यासाठी तिकडच्या मजुरीने माणसे लावतो, आणि त्या सगळ्या खर्चाची डेबिट नोट युरोत इकडे येते. वर्षाचा नफा एका कागदाने पुसला जातो. जबाबदारीची मर्यादा करारात आधी लिहून घेतली असती तर? पण खरेदीच्या अटींची ती बारीक टाइपातली पाने सही करण्यापूर्वी वाचणारा माणूस लहान कारखान्यात नसतो. तो माणूस आपल्या व्यवस्थापन-महाविद्यालयातून बाहेर पडावयास हवा. त्यात भर म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली, तेव्हा मोटारीचा सुटा भाग ठरलेल्या मालाला पंचवीस टक्क्यांचा निराळा दर लागू होता. म्हणजे एकाच भट्टीतून निघालेल्या दोन नगांचे भवितव्य जकातीच्या कोणत्या शीर्षकाखाली त्यांची नोंद होते यावर अवलंबून राहिले. युरोपचा कार्बनविषयक सीमाकर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला आहे आणि तोही लोखंडाच्या मालाला शीर्षक पाहूनच लागतो. शीर्षकांचे हे शास्त्र रुक्ष आहे. पण त्यावर घरे चालतात.

यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. सिद्धान्त सार्वत्रिक असतो, त्याला कोल्हापूर काय नि कॅलिफोर्निया काय, असे काही अध्यापक म्हणतील. त्यांना मायकेल पोर्टर यांच्या १९९० सालच्या ग्रंथाची आठवण द्यावीशी वाटते. राष्ट्रांच्या स्पर्धात्मक बळाविषयीचा जो सिद्धान्त आपण पंचकोनी-चौकोनी आकृत्या काढून पाठ करवून घेतो, तो मांडताना त्यांनी इटलीतल्या सास्सुओलो या लहानशा गावच्या फरशांच्या कारखान्यांचा सविस्तर अभ्यास केला होता: एकाच परिसरात दाटीने वसलेले कारखाने, त्यांच्यातली चुरस, यंत्रे पुरवणारे शेजारी, चोखंदळ स्थानिक गिऱ्हाईक. सास्सुओलोचे वर्णन वाचताना उद्यमनगर डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्या विद्यार्थ्याला सास्सुओलो ठाऊक असते. उद्यमनगरातून तो रोज दुचाकीवरून जातो, पण तेथे शिकण्यासारखे काही आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गीर्त हॉफस्टेड यांचे संस्कृतिभेदाचे परिमाणही एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नांतूनच उभे राहिले. सिद्धान्त कोणत्या तरी गावच्या मातीतूनच वर येतो. आपल्या गावातून एकही येऊ नये असा काही दंडक नाही.

दुसरा आक्षेप नोकरीचा. मुलाला पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत मुलाखत द्यावयाची असते, तेथे गूळ आणि चपला कोण विचारणार? मी म्हणतो, तेथे ज्याने एक डेबिट नोट स्वतः वाचली आहे, एका पतपत्रातली चूक बँकेने का काढली हे ज्याला सांगता येते, तोच उमेदवार इतरांहून उठून दिसेल. पुस्तकातले वॉलमार्ट त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनीच वाचलेले असते. आणि सगळ्यांनीच गाव सोडून जावे असे गृहीत धरून आपण अभ्यासक्रम का आखावा? जो येथेच राहून बापाचा कारखाना किंवा गुऱ्हाळ पुढे नेणार आहे तोही फी भरूनच वर्गात बसतो. हायड्रॉस या रसायनाने गूळ पिवळाधमक केला की गावच्या सौद्यात भाव चढतो आणि परदेशी मात्र तोच रवा नाकारला जाण्याची धास्ती, हे त्याचे उद्याचे कोडे आहे.

तिसरी अडचण खरी आहे: मालक आपले दप्तर परक्यास दाखवण्यास कचरतात. त्यावर उपाय जगभरच्या व्यवसायशाळांनी केव्हाच काढला आहे. नावे बदलावीत, आकडे एकाच प्रमाणात वाढवावेत किंवा घटवावेत, मालकाने वाचून संमतीची सही केल्यावरच प्रकरण वर्गात जावे. उद्योजकांच्या संघटना, शिरोलीची ‘स्मॅक’ आणि गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, यांनी मध्यस्थी केली तर दारे उघडतील अशी माझी खात्री आहे. चौथी अडचण अध्यापकांची, आणि तिच्याविषयी मला सर्वांत अधिक आस्था वाटते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढच्या वर्षी नेमणूक राहील की नाही याची शाश्वती नसलेल्या तरुण अध्यापकाने महिना-महिना कारखान्यात जाऊन प्रकरण लिहावे अशी अपेक्षा करावयाची, आणि बढतीच्या गुणांकात मात्र कोठल्याशा नियतकालिकात पैसे भरून छापलेल्या लेखाला मान द्यावयाचा, हा अन्याय थांबल्याशिवाय काही घडणार नाही. तपासून स्वीकारलेल्या अभ्यासप्रकरणास संशोधनलेखाइतके गुण मिळाले पाहिजेत, आणि प्रवासखर्च संस्थेने सोसला पाहिजे.

भाषेविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. करारनामे इंग्रजीत असतात आणि ते इंग्रजीत वाचता आलेच पाहिजेत. यात तडजोड नको. परंतु सुभाषनगरातल्या कारागिराशी, गुऱ्हाळातल्या गुळव्याशी, फाउंड्रीतल्या फर्नेसवरच्या माणसाशी बोलणे मराठीतच होणार, आणि ती टिपणे इंग्रजीत उतरवताना त्यांच्या म्हणण्यातले नेमके तेच गळते जे शिकण्यासारखे होते. म्हणून प्रकरण दोन्ही भाषांत लिहिले जावे, आणि मराठी प्रत ज्याच्याविषयी ते लिहिले त्याच्या हाती प्रथम द्यावी. त्याने चुका दाखवल्या तर दुरुस्त करून मगच ते दाखल व्हावे.

येत्या शैक्षणिक वर्षापासून हे करणे अशक्य नाही. अभ्यासक्रम मंडळाने अंतिम वर्षाच्या प्रकल्पाऐवजी, निदान आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय घेणाऱ्यांसाठी, चौघांच्या गटाने मिळून एक निर्यात-प्रकरण लिहिण्याचा पर्याय ठेवावा. तोंडी परीक्षेस एक अध्यापक व एक निर्यातदार असे दोघे बसावेत. आणि मान्य झालेली प्रकरणे विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात स्वतंत्र कपाटात, कोणालाही वाचता येतील अशी, ठेवली जावीत. पहिल्या वर्षी दहा-बाराच जमतील. त्यांत दोन हजार जोडांच्या कराराचे एक असावे, आणि ते लिहिणाऱ्या गटात सुभाषनगरातला निदान एक विद्यार्थी असावा, एवढा आग्रह मी मंडळाच्या सदस्यांपाशी धरतो.